हवामानाचे गणित आणि कोरडवाहू शेतकरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

हवामानबदलाचा पिकांच्या उत्पादनावर उद्या काय परिणाम होईल याचे अंदाज शास्त्रज्ञ कसे बांधतात, हा आजचा विषय आहे. तो प्रयोगशाळेतला आणि संगणकातला आहे, मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्याचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आधीच देतो. केंद्र सरकारच्या पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांच्या बाबतीत उपग्रहाची छायाचित्रे आणि संगणकातील पीक-प्रतिमाने यांच्या आधारे काढलेल्या उत्पादनाला ३० टक्के वजन देण्यास सुरुवात झाली. याचा अर्थ असा, की शेतकऱ्याच्या हातात भरपाईचा किती पैसा पडेल हे ठरविण्यात प्रतिमानाला वाटा मिळाला आहे. ज्या गणितावर माणसाचे पोट अवलंबून राहू लागते, ते केवळ तज्ज्ञांचे गणित राहत नाही. ते राजकारणाचा विषय होते. म्हणून ते आपल्याला समजले पाहिजे.

प्रथम ही प्रतिमाने म्हणजे काय ते पाहू. त्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार वनस्पतिशास्त्राच्या अंगाने जाणारा. बी रुजल्यापासून दाणा भरेपर्यंत रोप रोज किती सूर्यप्रकाश घेते, मुळे जमिनीतून किती पाणी आणि नत्र ओढतात, पान किती वाढते, फुलोरा केव्हा येतो, यांचे दिवसागणिक समीकरण मांडावयाचे आणि रोजचे तापमान व पाऊस त्यात भरून अखेरचा उतारा काढावयाचा, अशी ही पद्धत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘इन्फोक्रॉप’ नावाचे असे प्रतिमान आपल्याकडच्या पिकांसाठी तयार झालेले आहे. यातील एक तत्त्व आपल्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यांनाही अनुभवाने ठाऊक असते. पिकाला पक्व होण्यासाठी जी एकूण उष्णता लागते ती जवळजवळ ठरलेली असते. ऊन वाढले की ती उष्णता लवकर पुरी होते, पीक लवकर पिकते आणि दाणा भरण्याचे दिवस कमी होतात. रोप उभे दिसते, कणीसही दिसते. पण दाणा बारीक राहतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च हा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या वर्षी उत्तर भारतातील गव्हाचे नेमके हेच झाले. फेब्रुवारीत १११ दशलक्ष टनांहून अधिक गव्हाचा अंदाज वर्तविणाऱ्या सरकारला तो आकडा खाली आणावा लागला आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद करावी लागली. तीन महिन्यांपुढचा अंदाज जेथे असा चुकतो, तेथे पन्नास वर्षांपुढच्या अंदाजाकडे किती सावधपणे पाहावे, हा धडाही त्यातच आहे.

दुसरा प्रकार संख्याशास्त्रीय. येथे रोपाच्या अंतरंगात शिरावयाचे नाही. जिल्ह्याजिल्ह्यांचे मागील अनेक वर्षांचे उतारे आणि त्या त्या वर्षीचे हवामान शेजारी शेजारी मांडून दोहोंमधील नाते काढावयाचे. अमेरिकेतील जिल्ह्यांच्या आकड्यांवरून श्लेंकर आणि रॉबर्ट्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली असे दाखविले, की मक्याचा उतारा २९ अंश सेल्सिअसपर्यंत, सोयाबीनचा ३० अंशांपर्यंत आणि कापसाचा ३२ अंशांपर्यंत तापमानाबरोबर वाढत जातो. ती मर्यादा ओलांडली की घसरण सुरू होते आणि ती चढापेक्षा फार तीव्र असते. हे आकडे उचलून विदर्भाला चिकटविणे योग्य नाही, कारण वाण वेगळे, जमीन वेगळी, पावसाची रीत वेगळी. परंतु त्यातील मुद्दा सर्वत्र लागू आहे. सरासरी तापमान पिकाला मारीत नाही. मर्यादेपलीकडचे चार-आठ दिवस मारतात.

तिसरा प्रकार आम्हा अर्थशास्त्राच्या लोकांचा आणि म्हणून मी त्याविषयी जरा अधिक कठोरपणे बोलणार आहे. १९९४ साली मेंडेलसोन, नॉर्डहाउस आणि शॉ यांनी रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांताचा आधार घेऊन एक युक्ती काढली. जमिनीची किंमत ही तिच्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नावर ठरते. मग थंड प्रदेशातील आणि उष्ण प्रदेशातील जमिनींच्या किमती ताडून पाहिल्या, तर हवामान उष्ण झाल्यावर शेतीचे किती नुकसान होईल ते कळेल. या पद्धतीत शेतकरी बदलत्या हवामानाप्रमाणे पीक बदलील, वाण बदलील, पेरणीची वेळ बदलील, हे आपोआपच हिशेबात येते. साहजिकच नुकसानीचा आकडा लहान निघतो.

आता या तीन प्रकारांमागे शेतकऱ्याचे कोणते चित्र आहे ते पाहा. पहिल्या दोन प्रकारांच्या भोळ्या वापरात शेतकरी मूर्ख मानलेला असतो. आभाळ बदलले तरी तो आजोबांच्याच तारखेला तेच बी पेरीत राहतो. तिसऱ्या प्रकारात तो सर्वज्ञ आणि सर्वसमर्थ मानलेला असतो. त्याला सारे कळते आणि कळले की तो लगेच सारे बदलू शकतो. त्यासाठी लागणारे भांडवल, पाणी आणि वेळ त्याच्यापाशी असतेच. मित्रहो, आपला शेतकरी यांपैकी कोणीही नाही. त्याला पुष्कळ कळते; पण जे कळते ते करण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते. पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी करावी हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुबार पेरणीचे बियाणे उधार मिळेल की नाही, हा त्याचा प्रश्न असतो. हा कर्जबाजारी, शहाणा, हात बांधलेला शेतकरी एकाही समीकरणात सहजासहजी सापडत नाही, आणि आपले काम नेमके त्याच्यातच आहे.

आता निष्कर्षांकडे वळू. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रत्यक्ष शेतातील प्रयोग, संख्याशास्त्र आणि दोन प्रकारची पीक-प्रतिमाने अशा चार स्वतंत्र वाटांनी आलेले अंदाज एकत्र ताडून पाहिले गेले. जगाचे सरासरी तापमान एक अंशाने वाढले, तर जगातील गव्हाचा उतारा सरासरी ६ टक्क्यांनी, भाताचा ३.२ टक्क्यांनी, मक्याचा ७.४ टक्क्यांनी आणि सोयाबीनचा ३.१ टक्क्यांनी घटेल असे त्यातून निघाले. हवेतील वाढत्या कर्बवायूचा पिकाला होणारा लाभ, नवे वाण आणि शेतकऱ्याने केलेले फेरबदल यात धरलेले नाहीत. याउलट २०२१ साली अनेक पीक-प्रतिमाने एकत्र चालवून केलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, उत्सर्जन बेसुमार चालू राहिले तर शतकाच्या अखेरीस मक्याची जागतिक उत्पादकता २४ टक्क्यांनी घटेल, मात्र गव्हाची सुमारे १८ टक्क्यांनी वाढेल, असे आढळले. हवामान-प्रतिमानांच्या आधीच्या पिढीवर आधारलेल्या अंदाजात मक्याचा हाच आकडा अधिक एक टक्का होता.

एक म्हणतो गहू घटेल, दुसरा म्हणतो वाढेल. मग हे शास्त्र की पंचांग, असा उपहास करण्याचा मोह येथे होतो. तो टाळला पाहिजे. हे अंदाज म्हणजे भविष्यकथन नव्हे. ती ‘जर–तर’ची विधाने आहेत. हवेतील कर्बवायूचे प्रमाण उद्योगपूर्व काळी दर दशलक्ष भागांत २८० होते, ते आज ४२० च्या वर गेले आहे. गहू, भात, सोयाबीन, कापूस यांना या वायूच्या वाढीचा काही लाभ मिळतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांना तो फारसा मिळत नाही. हा लाभ धरला की गव्हाचे चित्र बदलते, आणि तेही मुख्यतः थंड प्रदेशात. शिवाय त्या लाभालाही खोट आहे. वाढीव कर्बवायूत वाढविलेल्या गहू आणि भाताच्या दाण्यांत जस्त आणि लोह कमी भरते, असे शेतातील प्रयोगांवरून २०१४ साली दाखविण्यात आले. म्हणजे पोते भरेल, पण पोषण घटेल. ज्याच्या ताटात डाळ, भाजी, दूध नाही, त्याच्याच वाट्याला ही घट जास्त येईल. प्रतिमान क्विंटल मोजते. लोह मोजीत नाही.

आपल्या देशाचे आकडे तर अधिक बोलके आहेत. हवामानबदलाला तोंड देण्यासाठी कोणताही उपाय केला नाही असे गृहीत धरून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पात अंदाज करण्यात आले, आणि सरकारने ते संसदेतही सांगितले आहेत. २०५० पर्यंत कोरडवाहू भाताचा उतारा २० टक्क्यांनी घटेल. बागायती भाताचा केवळ साडेतीन टक्क्यांनी. २०८० पर्यंत कोरडवाहू भात ४७ टक्क्यांनी, तर बागायती ५ टक्क्यांनी. पीक एक, हवामान एक. फरक फक्त पाण्याचा. २०१८ च्या जानेवारीत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालातही हेच सूत्र आहे. हवामानबदलामुळे शेतीचे उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्क्यांनी आणि असिंचित भागात २० ते २५ टक्क्यांनी घटू शकेल, असे त्यात म्हटले आहे. ज्या महाराष्ट्रात पिकाखालील जमिनीचा फार मोठा भाग आजही आभाळाकडे डोळे लावून बसतो, त्या महाराष्ट्राने हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. हवामान सर्वांवर सारखे कोसळते असे म्हणणे अर्धसत्य आहे. ते ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्यावर एक रीतीने आणि ज्याच्यापाशी विहीर नाही त्याच्यावर दुसऱ्या रीतीने कोसळते.

याच सरकारी अंदाजांत सोयाबीनचा उतारा मात्र थोडा वाढेल असे म्हटले आहे. हे ऐकून मराठवाड्यातील शेतकऱ्याला हसावे की रडावे ते कळणार नाही. प्रतिमान पीक वाढविते. पण काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीवर पडणारा ऑक्टोबरातील पाऊस त्याच्या कक्षेत क्वचितच येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने उभा गहू, हरभरा आणि द्राक्षबागा झोडपल्या. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने पिकांबरोबर शेताची मातीही वाहून नेली. एका मोसमाच्या उताऱ्यात मातीची किंमत कशी धरावयाची? आणि उतारा चांगला आला तरी भावाचे काय? २०२४ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये जाहीर झाला होता. बाजारात अनेक ठिकाणी माल त्याखाली विकला गेला. उतारा वाढूनही शेतकरी बुडू शकतो, हे कोणत्याही वनस्पतिशास्त्रात लिहिलेले नसते.

स्थळाचाही प्रश्न आहे. जागतिक हवामान-प्रतिमाने पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि एकेक चौकोन पुष्कळदा शंभर किलोमीटर किंवा त्याहून मोठा असतो. आता महाबळेश्वर आणि माण तालुका डोळ्यांसमोर आणा. एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. शंभर किलोमीटरच्या आत दुसरीकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्ही एका चौकोनात घालून काढलेली सरासरी ना महाबळेश्वरची असते ना माणची. चौकोन बारीक करण्याच्या पद्धती आहेत आणि त्या सुधारत आहेत. पण दर पायरीवर गृहीतके वाढतात. उत्सर्जन किती होईल, त्याने तापमान किती वाढेल, त्याने आपल्या तालुक्याचा पाऊस कसा बदलेल, त्याने पीक कसे बदलेल आणि त्याने उत्पन्न कसे बदलेल, अशी ही पाच पायऱ्यांची उतरंड आहे. वरचे मडके हलले की खालची सारी हलतात.

आणि शेतमजूर? हेक्टरी उताऱ्याच्या समीकरणात तो नाहीच. पीक गेले तर मालकाला निदान भरपाईचा अर्ज करता येतो. ज्या बाईची खुरपणी आणि वेचणी बुडाली, तिने अर्ज कोठे करावा? उन्हाचा ताप रोपाला किती सोसतो याचे कोष्टक आहे. दुपारच्या उन्हात वाकून काम करणाऱ्या शरीराला तो किती सोसतो, याचे कोष्टक मजुरीच्या दरात कोठेही उतरलेले नाही.

मित्रहो, मोजमापाचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही, आणि त्यात मराठी माणसांनी मोलाचे काम केले आहे. उतारा नजरेने ठरविण्याची आणेवारीची जुनी पद्धत सदोष होती. १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि पानसे यांनी यदृच्छया निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष पीक कापून उतारा मोजण्याची शास्त्रीय रीत देशात रुजविली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी दाखविले. महालनोबिस यांच्याशी त्यांचा यावर मोठा वाद झाला. वाद दोन थोर शास्त्रज्ञांचा होता, पण त्यातून शेतात उभे राहून मोजण्याची शिस्त पक्की झाली. आज संगणकाच्या नावाखाली ती शिस्त सैल होऊ देता कामा नये. पीक कापणी प्रयोगाला साहाय्य म्हणून प्रतिमान यावे. त्याच्या जागी येऊ नये. कापणीच्या वेळी शेतकरी बांधावर उभा राहून हरकत घेऊ शकतो. समीकरणावर हरकत घेण्याची जागा अजून कोणी बांधलेली नाही.

विम्याच्या रचनेतही एक सापळा आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा. भरपाई मिळते ती उतारा ‘उंबरठा उत्पादना’च्या खाली गेला तर. हे उंबरठा उत्पादन मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून, तिला जोखीमस्तराच्या टक्केवारीने गुणून काढतात. समजा, सरासरी हेक्टरी १० क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के आहे. म्हणजे उंबरठा ७ क्विंटल. उतारा ६ क्विंटल आला तर भरपाई मिळेल. आता हवामान सतत बिघडत गेले आणि ती सरासरी ८ वर आली, तर उंबरठा ५.६ क्विंटल होतो. त्याच शेतात तोच ६ क्विंटलचा उतारा आला, तरी भरपाई शून्य. विमा हे अधूनमधून येणाऱ्या संकटावरचे औषध आहे. दर वर्षी थोडे थोडे खाली नेणाऱ्या उतारावर ते चालत नाही. वि. म. दांडेकरांनी १९७० च्या दशकात वैयक्तिक नुकसानीऐवजी क्षेत्राच्या सरासरीवर आधारलेल्या पीक विम्याची मांडणी केली, तेव्हा हवामान एका मध्याभोवती हेलकावे खाते हे गृहीत धरणे रास्त होते. आज तो मध्यच सरकतो आहे. मागे पाहणारा विमा आणि पुढे पाहणारे प्रतिमान यांची सांगड घालण्याची मागणी आपण केली पाहिजे. उंबरठा गोठवावा, किंवा हवामानामुळे झालेली घसरण त्यात भरून धरावी. परंतु तो शेतकऱ्याच्या दुर्दैवाबरोबर खाली जाऊ देऊ नये.

यावर आपण काय करावयाचे? १९७२ चा दुष्काळ आठवा. धान्योत्पादन कोसळले होते. केवळ उताऱ्याचे प्रतिमान मांडले असते, तर त्याने महाराष्ट्रात लाखो भूकबळींचे भाकीत केले असते. तसे झाले नाही, याचे कारण आभाळात नव्हते. ते दुष्काळी कामांवर होते. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. ती कामे मागण्यासाठी डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांत मोर्चे काढले होते. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि पुढे २००५ साली त्याच तत्त्वावर देशव्यापी कायदा झाला. पीक बुडणे आणि माणूस उपाशी मरणे यांच्यामध्ये राजकारण उभे असते. मागेल त्याला काम, हे तत्त्व कोणत्याही नावाने किंवा तरतुदीने पातळ होऊ लागले, तर ते हवामानापुढची आपली सर्वांत जुनी भिंत पाडण्यासारखे आहे.

त्याच दुष्काळातून पुरंदर तालुक्यातील नायगावची पाणी पंचायत जन्मली. विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी जमिनीच्या मालकीला न जोडता कुटुंबातील माणसांच्या संख्येला जोडले, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला पाणी नाकारले. कोरडवाहू २० टक्के आणि बागायती साडेतीन टक्के या दोन आकड्यांमधील अंतर मिटवावयाचे असेल, तर पाण्याच्या वाटपाला हात घातल्यावाचून गत्यंतर नाही. संशोधन संस्था उष्णता सोसणारे वाण काढतील, काढावेतच. परंतु पाणी कोणाच्या शेतात जावे, हे संशोधन संस्था ठरवीत नाहीत. ज्वारी-बाजरीसारखी कमी पाण्यावर तगणारी पिके घ्या, असा उपदेश शेतकऱ्याला करणाऱ्या सरकारने ती हमीभावाने विकत घेऊन रेशनवर द्यावीत. मग उपदेशाची गरज उरणार नाही.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. प्रतिमानांची थट्टा करू नका. त्यांतील इशारा खरा आहे आणि त्याची दिशा बहुतेक ठिकाणी एकच आहे. त्यांच्यापुढे मान तुकवूही नका. त्यांची गृहीतके विचारा. विम्यात वापरली जाणारी प्रत्येक पद्धत आणि तिच्यासाठी घेतलेले आकडे मराठीत, ग्रामसभेपुढे, खुले करण्याची मागणी करा. आपापल्या तालुक्यात पावसाची, पेरणीच्या तारखांची आणि उताऱ्याची वही ठेवा. पाच-दहा गावांनी दहा वर्षे इमानाने ठेवलेली वही कोणत्याही तज्ज्ञाला बाजूला सारता येणार नाही.

महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या दैन्याची चर्चा करून ते थांबले नाहीत. तलाव, बंधारे आणि माती अडविण्याचे उपायही त्यांनी सरकारपुढे मांडले. दैन्य मोजावयाचे, त्याचे कारण शोधावयाचे आणि मग हक्काने मागावयाचे, ही रीत त्यांनी घालून दिली. संगणकाच्या काळातही ती जुनी झालेली नाही. येत्या खरिपात आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एका गावातील पीक कापणी प्रयोगाच्या वेळी बांधावर उभे राहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.